दुसऱ्या संघातली मुले

ठाणे आणि नवी मुंबईच्या क्रिकेटमध्ये आज उणीव आहे ती उत्साहाची नाही, प्रशिक्षकांची नाही आणि मुलांची तर मुळीच नाही; उणीव आहे ती चांगल्या सामन्यांची. घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांपासून बेलापूरपर्यंत जागोजागी जाळ्या लावलेल्या अकादमी उभ्या राहिल्या आहेत, संध्याकाळी पाठीवर किट बॅग अडकवलेली मुले रिक्षांतून उतरताना दिसतात आणि त्यासाठी पालक दर महिन्याला पोटाला चिमटा काढून पैसे भरतात. मोठे क्रिकेटही आता आपल्या दारात आले आहे. नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर २००८ साली पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना झाला, आणि त्याच मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृहात २०२४ च्या मार्चमध्ये टेनिस चेंडूची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली आणि गल्लीतल्या खेळाडूंचाही लिलाव झाला. एवढे सगळे होत असताना रविवारी सकाळी एखाद्या क्लबचा साधा सामना पाहायला उभे राहावे, तर अकराऐवजी नऊच खेळाडू वेळेवर आलेले असतात, चेंडू मिडऑफच्या पायाखालून निघून जातो आणि पंच म्हणून फलंदाजी करणाऱ्या संघातलाच कोणीतरी उभा असतो.

मी ठाण्यातल्या एका हौशी क्लबच्या दुसऱ्या संघाची व्यवस्था बरीच वर्षे पाहत आलो आहे. या काळात माझे एक मत पक्के झाले आहे. क्लबचा दर्जा उंचावणे आणि मुले घडवणे ही दोन वेगळी कामे मानून आपण दोन्हींचे नुकसान करतो. मुलांसाठी वेगळी अकादमी, वेगळी फी, वेगळे प्रशिक्षक. आणि मोठ्यांसाठी रविवारची मौज, अशी वाटणी झाली की मुलांना शिकवायला खरा सामना उरत नाही आणि मोठ्यांना नीट खेळण्याचे कारण उरत नाही. मुले घडतात ती क्लबच्या दुसऱ्या संघात, शनिवार-रविवारच्या पूर्ण दिवसाच्या सामन्यात, आपल्यापेक्षा दुप्पट वयाच्या माणसांबरोबर खेळताना.

नेट्समध्ये, म्हणजे जाळीतल्या सरावात, मुलाला काय मिळते ते आधी पाहू. दहा-बारा मिनिटे फलंदाजी मिळते, दर चेंडूला नवा गोलंदाज येतो आणि बाद झाले तरी उभेच राहायचे असते. तिथे कव्हर ड्राइव्ह सुंदर होतो, पण ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडण्याची गरज मुलाला कधी भासत नाही, कारण सोडलेल्या चेंडूला नेट्समध्ये काहीच किंमत नसते. धाव चोरणे, जोडीदाराला हाक देणे, बदललेल्या क्षेत्ररक्षणाकडे पाहून बेत बदलणे, उन्हात चाळीस षटके उभे राहून शेवटच्या षटकात झेल घेणे, हे जाळीच्या आत शिकवताच येत नाही. अकादमीला माझा विरोध नाही. पाय कुठे पडतो, मनगट कसे वळते हे पाहायला जाणता डोळा लागतोच. परंतु आठवड्याला पाच दिवस नेट्स आणि महिन्याला दोन सामने, तेही वीस षटकांचे, हे प्रमाण उलटे आहे.

वीस षटकांच्या सामन्यांबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण स्थानिक स्पर्धा भरवणारे आयोजक, मैदानाचे तास मोजणारे कार्यालय आणि लवकर घरी जाऊ इच्छिणारे खेळाडू या तिघांनाही तेच सोयीचे पडतात. मात्र ज्या निवडीची स्वप्ने ही मुले पाहतात तिथले क्रिकेट प्रामुख्याने लांब आहे. १६ वर्षांखालील विजय मर्चंट करंडकाचे सामने तीन दिवसांचे असतात, १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकाचे चार दिवसांचे. ज्या मुलाने आयुष्यात सलग दोन तास फलंदाजी केलेली नाही, त्याने तिथे जाऊन दिवसभर खेळून काढावे ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? स्थानिक क्लबांना तीन दिवसांचा सामना परवडणार नाही हे मी जाणतो. पण शनिवारी दुपारी एक डाव आणि रविवारी दुसरा, किंवा निदान चाळीस-पंचेचाळीस षटकांचा पूर्ण दिवसाचा सामना, एवढे जमवता येते. आम्ही शेजारच्या तीन क्लबांशी बोलून पावसाळ्यानंतरचे काही शनिवार-रविवार केवळ अशा सामन्यांसाठी राखून ठेवतो. त्यांत ना करंडक असतो ना मालिकावीराची मोटरसायकल, तरीही मुले येतात.

वयाची सरमिसळ ही मुंबईच्या क्रिकेटची जुनी रीत आहे. १९४८ साली सुरू झालेली डॉ. एच. डी. कांगा लीग भर पावसाळ्यात, ओल्या आणि लहरी विकेटवर, म्हणजे खेळपट्टीवर, खेळवली जाई, आणि तिथे कसोटीपटू, बँकेत नोकरी करणारे हौशी खेळाडू आणि शाळकरी मुले एकाच संघात असत. सचिन तेंडुलकर १९८४ मध्ये जॉन ब्राइट क्रिकेट क्लबकडून कांगा लीगमध्ये पहिल्यांदा उतरला, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. दादर युनियनकडून सुनील गावसकर आणि दिलीप वेंगसरकर खेळत, त्या काळात त्या ड्रेसिंग रूममध्ये कोपऱ्यात बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाने नुसते ऐकूनच किती शिकले असेल याचा विचार करावा. आता प्रत्येक वयोगटाची वेगळी स्पर्धा झाली. त्याचे काही फायदे आहेत हे नाकारता येणार नाही, पण चौदा वर्षांचा मुलगा फक्त चौदा वर्षांच्या मुलांबरोबर खेळू लागला, की त्याच्या चुका दाखवणारा जाणता माणूस सीमारेषेबाहेर खुर्चीवर बसलेला असतो. शेजारी, स्लिपमध्ये, कोणी नसतो.

आमच्या दुसऱ्या संघात अकरांपैकी चार जण सतरा वर्षांखालील असावेत असा नियम आम्ही केला. नुसते संघात घेऊन दहाव्या क्रमांकावर फलंदाजी आणि फाइन लेगला क्षेत्ररक्षण देणे म्हणजे त्यांना रविवारभर उन्हात उभे करणे, म्हणून दुसरा नियमही जोडला: त्यांतल्या किमान दोघांना सामन्यात महत्त्वाचे काम मिळालेच पाहिजे. महत्त्वाचे म्हणजे पहिल्या पाचांत फलंदाजी, नव्या चेंडूची गोलंदाजी किंवा सामना अटीतटीला आलेला असताना चार षटके.

गेल्या मोसमात सेंट्रल मैदानावर झालेल्या एका सामन्यात या दुसऱ्या नियमाची परीक्षा झाली. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने येणारा चौदा वर्षांचा एक लेगस्पिनर आमच्याकडे आहे. अंगाने किरकोळ, पण चेंडूला उंची देण्याची हिंमत असलेला. समोर तिशीतला, टेनिस क्रिकेटमध्ये नाव कमावलेला फलंदाज होता. त्याने पहिल्याच षटकात मिडविकेटवरून लागोपाठ दोन षटकार मारले, आणि षटक संपल्यावर मुलाने टोपी घेऊन मुकाट्याने डीपकडे चालायला सुरुवात केली. आपल्याला काढले असे त्याने गृहीतच धरले होते. आमच्या कर्णधाराने त्याला परत बोलावले. “तुला काढलेलं नाही. पुढचं षटक याच टोकाकडून तुझंच. फील्ड तू सांग.” मुलगा क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, “दादा, मिडविकेट मागे घेऊ?” कर्णधार म्हणाला, “घे. पण चेंडू तोच टाक, हवेत. घाबरून आपटू नकोस.” मिडऑफला आमचा चाळिशीचा ऑफस्पिनर उभा होता, तो प्रत्येक चेंडूनंतर दोन शब्द बोलत राहिला: फलंदाजाचा पुढचा पाय उघडतोय, थोडा बाहेर टाक, घाई करू नकोस. त्या मुलाने एकूण सात षटके टाकली, ४६ धावा दिल्या आणि एक बळी घेतला. तोच फलंदाज पुढे सरसावून चुकला आणि यष्टिचीत झाला. सामना आम्ही हरलो. धावफलकावर ती गोलंदाजी महागडीच दिसते, पण त्या दिवसानंतर हा मुलगा स्वतःचे क्षेत्ररक्षण स्वतः लावू लागला, आणि सामना कसा वाचायचा हे त्याला अर्ध्या तासात जेवढे कळले तेवढे वर्षभराच्या नेट्समध्ये कळले नसते. त्याला दुसरे षटक मिळाले नसते तर कदाचित तो त्या दिवसापासून चेंडू आपटूच लागला असता, आणि आपल्या मैदानांवर सपाट, जलद, निरुपद्रवी लेगस्पिन टाकणारी जी असंख्य मुले आहेत त्यांत आणखी एकाची भर पडली असती.

सरमिसळ करायची म्हणजे कोणालाही कोणासमोर उभे करायचे असे मात्र नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या, त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला आणि समोरच्या शाळेचे डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. प्रणवची एकाग्रता आणि दमसास यांचे कौतुक आहेच, तो विक्रम कोणीही त्याच्याकडून काढून घेऊ शकत नाही. पण समोरच्या अकरा मुलांचा विचार मला अनेकदा अस्वस्थ करतो. इतक्या असमान सामन्यातून हरणाऱ्यांना काही मिळत नाही आणि जिंकणाऱ्यांनाही आपण नेमके कुठे आहोत ते समजत नाही. कांगा लीगमध्ये ए पासून खाली विभाग आहेत ते याचसाठी. ठाणे आणि नवी मुंबईच्या आमंत्रित स्पर्धांमध्ये मात्र प्रवेश शुल्क भरेल त्याला ड्रॉमध्ये जागा, अशी पद्धत सर्रास चालते. क्लबांची ताकदीनुसार दोन-तीन विभागांत मांडणी आणि दरवर्षी वर-खाली होण्याची सोय, एवढा एक बदल केला तरी एकतर्फी सामने निम्म्यावर येतील असे मला वाटते.

आता विकेटकडे वळतो, कारण बाकी सगळे नीट असूनही खराब विकेट सर्व शिकवण वाया घालवते. चेंडू कधी घोट्याशी तर कधी हनुवटीशी येऊ लागला की मुलगा पुढचा पाय टाकणे सोडून देतो, आणि ती सवय पुढे कितीही चांगल्या मैदानावर नेले तरी जात नाही. आमच्या मैदानावरचे माळीकाका हे काम कसे करतात ते मी जवळून पाहिले आहे. गुरुवारी ते विकेटला भरपूर पाणी देतात, शुक्रवारी सकाळपासून तासातासाने येऊन अंगठा दाबून पाहतात, आणि मातीवर ठसा उमटतो पण माती बोटाला चिकटत नाही अशी वेळ आली की रोलर काढतात. त्याआधी रोलर फिरवला तर माती रोलरबरोबर उचलली जाते आणि उशीर झाला तर वरचा थर नुसता घासला जातो, आत घट्टपणा येत नाही. ही वेळ साधारण दुपारी येते, आणि नेमक्या त्याच दुपारी मैदानावर कोणत्या तरी कार्यक्रमाचा मंडप पडलेला असतो किंवा टेनिस चेंडूची स्पर्धा सुरू असते. माळीकाकांच्या कामाला आपण किंमत देत नाही. प्रशिक्षकाला फी, पंचांना मानधन, करंडकाला देणगीदार. विकेट बनवणाऱ्याला मात्र मोसमाच्या शेवटी पाकीट. मैदान सांभाळणारा माणूस बारमाही पगारावर ठेवणे हा क्लबच्या खर्चातला पहिला आकडा असला पाहिजे.

नवी मुंबई आखतानाच सिडकोने प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे नियोजित उपनगरात, मैदानांसाठी जागा राखल्या, त्यामुळे तिथली स्थिती जागेच्या बाबतीत ठाण्यापेक्षा बरी आहे. परंतु त्यांतली बहुतेक मैदाने सर्वांसाठी मोकळी असल्याने रविवारी एकाच मैदानात पाच-सहा सामने एकमेकांत मिसळून चालतात आणि सीझन बॉलने, म्हणजे कडक चामडी चेंडूने, खेळणे धोक्याचे ठरते. प्रत्येक नोडमध्ये निदान एका मैदानावर कुंपण, एक टर्फ (माती-गवताची) विकेट आणि ठराविक दिवस सीझन बॉलसाठी राखीव, एवढी मागणी क्लबांनी एकत्र येऊन महापालिकेकडे लावून धरावी. एकेकट्या क्लबने अर्ज देऊन काही होत नाही.

टेनिस चेंडूच्या क्रिकेटला कमी लेखणाऱ्यांपैकी मी नाही. त्याने आपल्याकडे झपाट्याने धावणारे, बेधडक मारणारे खेळाडू दिले आहेत. माझी हरकत एकाच गोष्टीला आहे, आणि तीच मला या सगळ्या विषयात सर्वांत तातडीची वाटते: वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांवरचा भार कोणीच मोजत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा मंगळवारी शाळेकडून खेळतो, बुधवार-गुरुवार अकादमीत टाकतो, शनिवारी क्लबकडून दहा षटके टाकतो आणि रविवारी रात्री प्रकाशझोतातल्या टेनिस स्पर्धेत पूर्ण ताकदीने चार सामने खेळतो. शाळेला क्लबचे ठाऊक नसते, क्लबला टेनिसचे ठाऊक नसते, आणि मुलगा सांगत नाही, कारण सांगितले तर बाहेर बसावे लागेल. या वयात कण्याची हाडे पूर्ण पक्की झालेली नसतात. कमरेच्या मणक्याला ताणामुळे पडणारी भेग हे तरुण वेगवान गोलंदाजांचे जगभर ठाऊक असलेले दुखणे आहे, आणि ते बरे व्हायला कित्येक महिने लागतात. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने याच कारणाने वर्षानुवर्षे वयानुसार मर्यादा घालून दिल्या होत्या: १३ वर्षांखालील मुलाने सलग ५ आणि दिवसात १० षटके, १४-१५ च्या गटात ६ आणि १२, १६-१७ च्या गटात ७ आणि १८. आम्ही हेच आकडे घेतले, प्रत्येक मुलाला एक छोटी वही दिली आणि शाळा, अकादमी, टेनिस सगळीकडची षटके तीत लिहायला लावली. वही शनिवारी सकाळी कर्णधाराकडे द्यायची आणि त्या आठवड्यात आधीच फार षटके टाकून झाली असतील तर त्या दिवशी तो मुलगा फलंदाज म्हणून खेळेल, संघाबाहेर जाणार नाही. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. तिच्यामुळेच मुले खरे लिहितात.

लहान मुलांच्या साधनांबाबतही असाच निष्काळजीपणा आहे. नियमांनुसार मोठ्यांच्या चेंडूचे वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम असते, तर १३ वर्षांखालील मुलांसाठी ते १३३ ते १४४ ग्रॅम आहे. आपल्याकडे अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात थेट मोठा चेंडू आणि दोन वर्षे पुरावी म्हणून मोठ्या मापाची बॅट दिली जाते. बॅट उचलता येत नाही म्हणून खालचा हात घट्ट होतो आणि सगळे फटके लेगला वळतात. मग त्याच खालच्या हातासाठी प्रशिक्षकाला फी भरली जाते.

निवड चाचण्यांवर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण एका उदाहरणाने माझे म्हणणे पुरेसे स्पष्ट होईल. कल्याणचा तुषार देशपांडे लहानपणी शिवाजी पार्क जिमखान्यावर चाचणीला गेला तो फलंदाज म्हणून. फलंदाजांची रांग फार मोठी पाहून तो गोलंदाजांच्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि वेगवान गोलंदाज झाला, असे त्याने स्वतः सांगितले आहे. जुलै २०२४ मध्ये तो झिम्बाब्वेत भारताकडून खेळला. त्याच वर्षी फेब्रुवारीत रणजी करंडकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन त्याने १२३ धावा केल्या आणि तनुष कोटियनबरोबर शेवटच्या जोडीसाठी २३२ धावा जोडल्या. त्याच्यातला फलंदाज कुठेही गेलेला नव्हता. पाच मिनिटांच्या चाचणीत सहा चेंडू पाहून मुलाच्या माथी ‘गोलंदाज’ किंवा ‘फलंदाज’ असा शिक्का मारणे किती अपुरे आहे, हे यावरून दिसते. निवड समितीने दुसऱ्या संघांचे पूर्ण सामने येऊन पाहावेत, निदान क्लबांकडून मोसमाची धावपुस्तके मागवावीत, असे मला मनापासून वाटते.

आणि मग येते दहावी. आपल्या मराठी घरांत दहावीचे वर्ष उजाडले की किट बॅग माळ्यावर जाते, आणि पुष्कळ मुलांच्या बाबतीत ती पुन्हा खाली येत नाही. ज्युनियर क्रिकेटचा मोसम आणि सराव परीक्षांचे महिने नेमके एकमेकांवर येतात, त्यामुळे पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. क्लबने करण्यासारखे एकच आहे: त्या मुलाची जागा राखणे. आम्ही दहावीच्या मुलांना वर्षभर नेट्सची सक्ती करत नाही, दर महिन्याला एक सामना देतो, आणि बोर्डाची परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या सामन्यात त्याचे नाव अकरांत असेल हे पालकांसमोर आधीच सांगून ठेवतो. जाणाऱ्या मुलांपैकी निम्मी तरी एवढ्यावर परत येतात. परत आलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा अधिक समजूतदारपणे खेळतो, असाही माझा अनुभव आहे.

मुलींच्या बाबतीत आम्ही अजून बरेच मागे आहोत. नेरूळच्या त्या अंतिम सामन्यानंतर चौकशीसाठी येणाऱ्या मुलींची संख्या वाढली, पण मैदानावर स्वच्छ, दाराला कडी असलेली स्वच्छतागृहे आणि कपडे बदलण्याची खोली नसेल, तर विश्वचषकाची पुण्याई फार दिवस पुरणार नाही. सध्या तीन मुली आमच्या दुसऱ्या संघातून मुलांबरोबरच खेळतात, त्यांतली एक यष्टिरक्षण करते आणि ते ती संघातल्या कोणापेक्षाही चांगले करते. पूर्ण संघ उभा राहीपर्यंत ही पद्धत चालू ठेवण्यात मला काहीच गैर दिसत नाही.

या मोसमापासून आम्ही आणखी एक गोष्ट सुरू करत आहोत. पस्तिशी ओलांडलेल्या प्रत्येक सदस्याने वर्षाला काही सामन्यांत पंच म्हणून उभे राहायचे, आणि त्यासाठी नियमांची उजळणी ऑगस्टमधल्या पावसाळी रविवारी क्लबच्या खोलीत घ्यायची. जखमी किंवा बाहेर बसलेल्या मुलांनी गुणलेखन करायचे, तेही ॲपवर नव्हे तर आधी वहीत, म्हणजे कोणी किती चेंडू खेळून काढले आणि कोणाचे षटक कोणत्या टोकाकडून पडले याकडे त्यांचे लक्ष जाईल. काही ज्येष्ठ सदस्यांनी कुरकूर केली, रविवारी आम्ही खेळायला येतो, उभे राहायला नाही, असेही एक जण म्हणाले. तरीही पंचांच्या यादीत आतापर्यंत नऊ नावे आली आहेत आणि पहिल्या सामन्यासाठी दोघे ठरले आहेत.